हत्तीखालची ओली फरशी

हत्तीनं एकदा कौल दिला की उलट विचारायचं नाही. आमच्या घराण्यातला हा नियम मला चालता यायच्या आधीपासून पाठ आहे. तो मोडायला निघालेली मी भर मंडपात त्याचीच वकिली करून बसले! कशी, ते ऐका. हसायचं असेल तर आधी चहाची बशी खाली ठेवा.

आमचं गाव कडेगावजवळ. देवळाच्या सभामंडपात, भिंतीवर पेशवाईतल्या कुणा चिताऱ्यानं एक हत्ती काढलाय. गोष्ट तुम्हालाही ठाऊक असेल. राजा निपुत्रिक वारला. प्रधानांनी हत्तीच्या सोंडेत माळ दिली. हत्तीनं गावभर फिरून ती एका मोळीविक्याच्या गळ्यात घातली. झाला तो राजा! दोनशे वर्षं झाली, माळ अजून सोंडेत लोंबतेय आणि मोळीविक्या अजून तोंड वासून बघतोय. बाबा रे, तुला राजा व्हायचंय का, असं त्याला विचारलं कुणी?

मला तरी कुठं विचारलं होतं!

आमच्यात मुलगी दाखवायची ती ह्याच मंडपात. पाहुण्यांना 'इथं बसा' म्हणायचं नाही. मुलगा आपणहून माळेखालच्या फरशीवर बसला की तो जावई. आणि पाहुणे असेपर्यंत त्या जागेला घरच्यांनी हात लावायचा नाही. आता फरशी एवढी ऐसपैस आणि गार, की दमून आलेला माणूस दुसरीकडं बसेल कशाला? माझ्या तिन्ही आत्या अशाच उजवल्या गेल्या.

मी सांगलीहून बी.ए. होऊन आले होते. कोल्हापूरला एम.ए.चा फॉर्म भरायला चार दिवस उरले होते. आणि तात्यांनी, म्हणजे माझ्या थोरल्या चुलत्यांनी, वडूजकडचा एक फौजी बघायला बोलावला!

मग मी काय केलं? पाहुण्यांची जीप वेशीत दिसली, तशी कळशीभर पाणी नेऊन त्या फरशीवर ओतलं. बघू, पुसतंय कोण!

फौजी आला. कडक इस्त्रीची पँट. त्यानं ओली फरशी बघितली आणि लांबच्या खांबाशी जाऊन बसला. तात्यांचा चेहरा पडला. मी पदराआड हसले. जिंकले की!

एवढ्यात मागून धोंडूमामा आले. हे स्थळ आणणारे मध्यस्थ. वय सत्तरीच्या पुढं, बायको जाऊन वीस वर्षं झालेली, नजर अधू. चाचपडत आले आणि थेट माळेखाली, पाण्यात फतकल मारली.

"आत्ता गं बया!" आई म्हणाली.

"ह्ये धरायचं न्हाई," तात्या घाईनं म्हणाले. "मामास्नी दिसत न्हाई."

इथं मी गप्प बसायचं की नाही? पण कॉलेजात वादविवादाची ढाल जिंकलेली मुलगी मी!

"आवं तात्या, का धरायचं न्हाई? मोळीविक्या तरी ठरवून कुठं हुबा हुता? आत्यांच्या येळंला धरलं, तर आता बी धरा. कौल म्हंजी कौल! उलट इचारायचं न्हाई!"

आता फक्त टाळ्या पडायच्या बाकी होत्या.

तात्या मिशीत हसले. "पटलं! लय मुद्द्याचं बोललीस. मामा, तुमची काय हरकत?"

"माझी कसली?" मामा बाजूला सरकून धोतर पिळत म्हणाले. "फकस्त दात न्हाईत. भाकरी दुधात कुस्करून द्यावी लागंल, पोरी."

सगळा मंडप खदखदला. फौजीसुद्धा!

"न्हाईतर फौजीला व्हय म्हण," तात्यांनी डाव टाकला. "बोल, दोघातला कंचा?"

माझं डोकं फिरलं. ताडकन उठले.

"कंचाच न्हाई! मामा न्हाईत, ह्ये पावणं न्हाईत, आन् हत्तीला इचारून तर कुणीच न्हाई. मी कोल्हापूरला जाणार. फॉर्म मी भरणार, सही बी माझीच!"

तात्यांनी तोंड उघडलं. पण ऐकायला थांबतंय कोण? मान ताठ करून मी तरातरा निघाले. आणि माझ्याच कळशीच्या पाण्यावरून पाय सटकला. धप्पकन बसले!

वर बघितलं. बरोब्बर डोक्यावर माळ.

तात्यांचं तोंड उघडंच राहिलं, अगदी त्या मोळीविक्यासारखं.

"हं," मी पाण्यात बसूनच म्हणाले, "आता कोण उलट इचारतंय?"

तात्यांनी भिंतीवरल्या हत्तीला हात जोडले. आणि जागेला हात लावायचा नाही म्हणून मला उठवायलाही कुणी आलं नाही.