झेंडा वरच राहिला

आमच्या गावात पैसे टाकून यंत्रात कपडे धुवायचं एकच दुकान आहे, आणि ते वर्ना कीटिंगचं. नेवाडाच्या या कोपऱ्यात धूळ इतकी की वर्नावाचून कोणाचंच चालत नाही. कोणाच्या शर्टाचं बटण लोंबतंय, कोणाची चादर विरली, तिला सगळं ठाऊक. न सांगता बटण लावून देईल आणि वर म्हणेल, "माझ्या दुकानाची अब्रू जाते म्हणून लावलं."

दरवर्षी मार्चमध्ये आम्ही म्हातारी मंडळी डोंगरातल्या केबिनवर राहायला जातो. मी आयुष्य फिरत्या नाटक कंपनीत घालवलं. सामानसुमान घेऊन गावोगाव हिंडणं म्हणजे काय ते मी जाणते. पण वर्नासारखा व्यवस्थापक आम्हाला कधी लाभला नाही. पाण्याचे कॅन कोणाच्या गाडीत, लाकडं कोणी आणायची, उंदरांनी केलेली घाण झाडताना तोंडाला फडकं बांधायला कोणाला बजावायचं, सगळं तिच्या डोक्यात.

ती केबिन कोणाच्याच मालकीची नाही. जुन्या खाणवाल्यांनी बांधली, दाराला कुलूप नाही, जो आधी पोचेल त्याची. बाहेर एक खांब आहे. आत राहायला गेलं की त्यावर झेंडा चढवायचा, निघताना उतरवायचा. झेंडा वर दिसला की मागून आलेल्यानं गाडी वळवायची. हाक मारायची नाही, दार वाजवायचं नाही. अर्धा दिवस दगडाधोंड्यांतून धक्के खात आलेला माणूसही निमूट मागे फिरतो.

यंदाचा बेत ठरवायला आम्ही चौघं वर्नाच्या दुकानात जमलो. वर्ना, मी, होबर्ट डिलार्ड आणि त्याची बायको नेल. नेलच्या नाकात ऑक्सिजनची नळी होती. हिवाळ्यात तिची फुप्फुसं थकली आणि डॉक्टरांनी उंचावर जायला कायमची बंदी केली. बोलायला केली नव्हती.

"बीन्स मी घरून देईन," नेल म्हणाली. "डॅफ्नीला शिजवायला देऊ नका. मागे ढवळता ढवळता तिनं अख्खा प्रवेश करून दाखवला आणि सगळं खाली लागलं."

"टाळ्या तर तूच वाजवल्यास," मी म्हटलं.

"संपला म्हणून वाजवल्या."

आम्ही हसलो. वर्ना हसली नाही. हिवाळाभर ती अशीच होती. नेलचे कपडे फुकट धुवायची, तिला सूप करून न्यायची, दवाखान्यात सोडायची. गाव तिला देवमाणूस म्हणायला लागलं होतं, आणि कोणी तसं म्हटलं की ती मान खाली घालायची. मला वाटायचं, किती ही विनयशील.

"यंदा वर नको जायला," वर्ना म्हणाली. "खाली, सपाटीवरच तंबू टाकू. म्हणजे नेललाही येता येईल."

"खाली?" होबर्ट म्हणाला. "लोकांच्या जनरेटरची घरघर ऐकत?"

"माझ्यासाठी नका काही बदलू," नेल म्हणाली. "मला ती केबिन हवी होती. शेवटचं जमण्यासारखं होतं ते ऑक्टोबरात. तेही या साहेबांनी दारातून गाडी वळवून घालवलं."

"मी घालवलं? झेंडा वर होता."

"एक हाक मारली असती तर जीभ झडली असती का तुझी? लग्नानंतर पहिले दिवस आपण तिथं काढले. पाच मिनिटं ओट्यावर बसू द्या म्हटलं असतं, तर नाही म्हणाले असते का लोक?"

"झेंडा वर असताना मी हाक मारत नाही. माझ्या बापानंही कधी मारली नाही."

"मग बापालाच घेऊन फिर."

मी हसायला तोंड उघडलं आणि मिटलं. दोघांच्या मध्ये एक खुर्ची रिकामी होती. ती हिवाळाभर रिकामीच असायची, हे मला तेव्हा उमगलं.

वर्नाच्या हातात उशीचा अभ्रा होता. तो तिनं खाली ठेवला.

"आत कोणी नव्हतं, होबर्ट," ती म्हणाली. "झेंडा माझा होता. तुम्ही आलात त्याच्या आदल्या दिवशी मी एकटी तिथून निघाले. दोर अडकला होता, वारा सुटला होता. म्हटलं, राहू दे."

मागे एक यंत्र फिरत होतं.

"ओढ्याच्या वळणाशी आल्यावर वाटलं, परत जावं. गेले नाही. म्हटलं, वारा फाडून टाकेल त्याला."

"आणि आम्ही येऊन तुला सांगितलं तेव्हा?" नेलनं विचारलं.

"तेव्हा मी चादरींच्या घड्या घालत होते. घालतच राहिले."

होबर्ट आपल्या हातांकडे बघत होता. "म्हणजे मी एक हाक मारली असती..."

"नाही," वर्ना म्हणाली. "तू वागलास ते बरोबर. मी गप्प बसले आणि बोलणी तू खाल्लीस. ते आता मला बघवत नाही."

"आणि मी तुझ्या सुपाचं कौतुक करत राहिले," नेल म्हणाली.

नेल उठली, नळी सांभाळत मधल्या खुर्चीवर सरकली आणि होबर्टच्या खांद्याला खांदा लावून बसली. त्याला एक शब्दही बोलली नाही. मी उभ्या जन्मात एवढं चांगलं काम रंगमंचावर पाहिलं नाही.

मग ती वर्नाकडे वळली. "खाली तंबूबिंबू नको. तुम्ही वरच जा. होबर्ट, तू जायचंस आणि मला येऊन सगळं सांगायचंस. डॅफ्नीवर सोपवलं तर त्यात चार पात्रं जास्तीची घुसतील."

"तुला एकटीला टाकून?"

"मी थांबते तिच्यापाशी," वर्ना म्हणाली.

"मला तुझं तोंड बघायचं नाही," नेल म्हणाली.

"मी मागच्या खोलीत बसेन."

नेलनं नाकातली नळी सारखी केली. "मागच्या खोलीत कशाला? पत्ते येतात ना खेळायला? मला लबाडी चालत नाही, सांगून ठेवते."

गेलो आम्ही. पाणी कमी पडलं, लाकडं ओली निघाली. वर्नाशिवाय तसंच होणार होतं. होबर्ट दिवसभर ओट्यावर बसून असायचा. काय बघतोस म्हटलं की म्हणायचा, "पाठ करतोय."

परतल्यावर आम्ही थेट डिलार्डांच्या स्वयंपाकघरात शिरलो. टेबलावर पत्ते पसरले होते. होबर्ट नेलच्या शेजारी बसला. वर्नानं आपला कोट उचलला.

"चाललीस कुठं?" नेलनं विचारलं.

"तुमचं बोलणं होऊ दे. तुमच्या दोघांचं आहे ते."

"बस," नेल म्हणाली. "तूही ऐक. माझं काय गेलं ते कळू दे तुला."

वर्ना बसली. होबर्टनं सांगायला सुरुवात केली.