दीपमालाबाईंचा स्पीकर

कामथडीच्या दीपमालाबाई भीमगीतं गातात, हे भोर-वेल्ह्याकडच्या वस्त्यांवर कुणाला सांगावं लागत नाही. जयंती असो, विहाराचं उद्घाटन असो की कुणाच्या घरचं लग्न, बोलावणं त्यांनाच. नवरा सम्राट पेटी वाजवायचा आणि एरवी नसरापूरला टेम्पो चालवायचा. बाई लोकांच्या रानात खुरपायला जायच्या. खुरपताना त्या कधी गात नसत. बायका आग्रह करायच्या, तर म्हणायच्या, "हितं गायलं की फुकाट जातं बघा."

गळा त्यांचा होता, पण तो लोकांपर्यंत न्यायचा तर धनाजीशेठची मर्जी लागायची. धनाजीचा मंडप आणि साऊंडचा धंदा. त्याच्याकडे दोन सेट होते. नवा सेट लग्नांना आणि गावच्या जत्रांना जायचा. वस्तीवर कार्यक्रम असला की जुना यायचा, तोही उशिरा. बाईंचा सूर वर चढला की धनाजीचा हात बटणाकडे जायचा. "ताई, स्पीकरचा बॉक्स फाटंल," म्हणायचा. लग्नातल्या गाण्यांना त्याचे बॉक्स कधी फाटत नसत.

एकदा वेल्ह्यातल्या पासली गावाकडच्या एका वस्तीवर कार्यक्रम होता. माणसं डोंगर उतरून आली होती. उत्तरार्ध नुकता रंगात आला आणि धनाजीच्या माणसानं वायरी गुंडाळायला घेतल्या. दुसरीकडे हळदीला सेट पोचवायचा होता म्हणे. बाईंच्या हातातला माईक मुका झाला. त्यांनी कडवं तसंच मोकळ्या गळ्यानं पुरं केलं. पुढच्या बायकांनी ऐकलं. मागच्यांना मात्र वाटलं, गाणं संपलं. ते उठले आणि चालू लागले. गाता गाता बाईंनी त्या पाठमोऱ्या माणसांकडे पाहिलं.

परतीच्या वाटेवर टेम्पोत त्या एवढंच म्हणाल्या, "आता आपला स्वतःचा सेट घ्यायचा."

ही गोष्ट धनाजीच्या कानावर गेली. तो आपणहून घरी आला, चहा घेतला आणि म्हणाला, "ताई, पुण्याला कशाला जाताय? माजा जुना सेट घेऊन टाका. तुमी त्याच्यावरच गात आलाय न्हवं? सहा महिने काय बी झालं तर मी हाय. घरी येऊन दुरुस्त करून दीन."

"लिहून देणार का?" बाईंनी विचारलं.

धनाजी हसला. "आपल्यात कसलं आलंय लिहून? शब्द हाय माजा."

तो गेल्यावर सम्राट म्हणाला, "सेट दणकट हाय. रंग उडालाय तेवढाच. बिघडला तरी नसरापुरातला कुठला बी मिस्त्री उघडंल. नव्याचं तसं नसतंय. समदं आतल्या आत बंद असतंय."

"सेट चांगलाच हाय," बाई म्हणाल्या. "पर अवो, ज्याच्या हातातनं सुटायचंय, त्याच्याच शब्दावर कसा घ्यायचा? बिघडला की परत त्याच्याच दारात उभं ऱ्हायचं? त्यापरास कंपनीचा शिक्का बरा. तिला आपलं गाव ठावं न्हाई आन् वस्ती बी ठावी न्हाई."

सम्राटला हे काही पटलं नाही.

दोघं एसटीनं पुण्याला गेली. बुधवार पेठेतल्या एका दुकानात त्यांनी चाकांचा मोठा स्पीकर पसंत केला. आवाज वाढवणारं मशीन आतच, वर दोन बिनवायरीचे माईक. जेवढे पैसे होते त्यात नव्यातलं एवढंच येत होतं. सम्राटनं विचारलं, "कार्यक्रमाला चालंल ना?"

"अहो, पळेल!" दुकानदार म्हणाला. "वर्षाची वॉरंटी आहे. बिनधास्त वापरा." त्यानं कार्डावर शिक्का मारला. कार्ड इंग्रजीत होतं. बाईंनी ते घडी न पाडता पिशवीत ठेवलं.

पहिल्या कार्यक्रमाला बाईंनी आवाजाचं बटण स्वतःच्या हातानं वर नेलं. मागं, झाडाखाली उभ्या असलेल्या म्हाताऱ्यांनी मान डोलावली. कार्यक्रम संपल्यावर रत्ना नावाची एक पोरगी येऊन म्हणाली, "मावशी, आज तुमचा शब्द न् शब्द कळला." इतकी वर्षं गाऊन हे वाक्य बाईंना पहिल्यांदाच ऐकायला मिळालं होतं. त्या हिवाळ्यात त्यांनी पुष्कळ कार्यक्रम केले. स्पीकरला त्यांनी जुन्या नऊवारीची खोळ शिवली.

जयंती तोंडावर आली असताना एका गावच्या कार्यक्रमात वीज गेली आणि जनरेटर लावला तेव्हा स्पीकर खरखरला आणि गप्प झाला. दुसऱ्या दिवशीही चालू होईना. दुकानदारानं फोनवर सांगितलं, "ते कंपनीचं काम, आमच्या हातात नाही." त्यानं सर्व्हिस सेंटरचा पत्ता दिला. सम्राटनं टेम्पोमालकाकडून सुट्टी घेतली आणि दोघं स्पीकर घेऊन निघाली. वाटेत तो म्हणाला, "विचारलं तर घरी लावतो म्हणून सांग. धंद्याला वापरला म्हनलं की कंपनीवाले खुसपट काढत्यात."

"का? चोरी हाय का?"

सेंटरमधल्या मुलीनं कार्ड पाहिलं, शिक्का पाहिला, मान हलवली. सगळं बरोबर होतं. मग तिनं सहज, आपुलकीनंच विचारलं, "काय करता काकू याच्यावर?"

सम्राटनं तोंड उघडायच्या आत बाई बोलल्या, "मी गायिका हाय. भीमगीतांचे कार्यक्रम करते." बोलताना त्यांनी पदर सावरला होता.

मुलीचा हात थांबला. "मग काकू, हे वॉरंटीत नाही बसत. ही फक्त घरगुती वापरासाठी असते. कार्यक्रमाला वापरला की संपली. तसं छापलंय इथे." तिनं बारीक अक्षरांवर बोट ठेवलं.

"दुकानदार तर बिनधास्त वापरा म्हनला," सम्राट म्हणाला.

"ते काय म्हणाले ते मला माहीत नाही. आतलं मशीनच बदलावं लागेल. खर्च तुमचा." मग आवाज बारीक करून ती म्हणाली, "घरी लावता असं म्हणाला असता तर मी घेतला असता."

ती भली होती. म्हणून तर ते वाक्य जास्त लागलं. शब्द फिरवायचा, असं एकदा त्यांच्या मनात आलंही असेल. त्यांनी कार्ड उचललं आणि म्हणाल्या, "चला."

नव्या मशीनचा खर्च जवळजवळ स्पीकरच्याच किमतीएवढा होत होता. नसरापूरच्या मिस्त्रीनं झाकण उघडलं, आतली सर्किटची पाटी पाहिली आणि म्हणाला, "ह्याचे पार्ट बाजारात मिळत न्हाईत. कंपनीच देती."

जयंतीला कामथडीत धनाजीचाच सेट आला. तोच, रंग उडालेला. खणखणीत वाजला. धनाजीनं टोमणा मारला नाही. त्यानं बाईंच्या हातात माईक दिला, आवाज स्वतः लावला, आणि चौथ्या गाण्याला तो थोडा खाली घेतला. बाईंना ते कळलं. त्या गात राहिल्या.

घरी आल्यावर सम्राट म्हणाला, "जुनाच घेतला आसता तर..."

"तर काय? त्याच्या शब्दावर गायली आसती. आता त्याच्या सेटवर गाती. फरक काय पडला?"

"आन् त्या पोरीपुढं एक शब्द खोटा बोलली आसतीस तर?"

बाईंनी ताटं वाढायला घेतली.

पुढं बाई कार्यक्रम कमी घेऊ लागल्या. परवा वेल्ह्याकडून एका मंडळाचा फोन आला. "ताई, विहारात वर्षावासाच्या कार्यक्रमाला याल का?"

"साऊंड कुणाचा हाय?" बाईंनी विचारलं.

"धनाजीशेठलाच सांगितलंय."

बाई "येते" म्हणाल्या, आणि खुरपं घेऊन रानात गेल्या.