काळ्या पट्ट्याचा मासा

अवधूतने विचारलेल्या प्रश्नाला शाल्मलीने अजून उत्तर दिलेले नाही. खोलीत साचलेली शांतता केवळ त्या दोघांची नाही. भर दुपारी वीज गेली आहे आणि खाऱ्या पाण्याच्या टाकीचा पंप थांबला आहे. त्या घरघरीलाच घर म्हणायची सवय झालेली. ती नसताना भिंतीसुद्धा श्वास रोखून उभ्या आहेत.

"घाई नाही," अवधूत म्हणतो. "चहाच्या वेळेला सांग. हो म्हणालीस तर लग्न करू, हे घर विकू आणि पुण्याला जाऊ. ह्या टाकीपायी समुद्राचं पाणी किती दिवस वाहत बसणार आहेस?"

तो पडवीत निघून जातो. शाल्मली टाकीशेजारच्या खाटेवर आडवी होते. ही अण्णांची खाट. रत्नागिरीच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणारे तिचे वडील शेवटी हिच्यावरच पडून होते. अवधूत त्यांचा जुना विद्यार्थी. आजारपण कळताच न बोलावता आला, अंथरूणपांघरूण, औषधपाणी सगळे त्याने अंगावर घेतले. अण्णा गेल्यावर खोलीही त्यानेच आवरली. इतकी आवरली की औषधाची रिकामी बाटलीसुद्धा मागे उरली नाही. सगळे म्हणाले, पोटच्या मुलाने केले नसते एवढे.

काचेआड पाणी निश्चल आहे. अण्णांच्या दोन तांबड्या कोळंब्या, पाठीवर पांढरी रेघ असलेल्या, दगडाच्या कपारीत दडून बसल्या आहेत. एरवी त्या कपारीच्या तोंडाशी मिशा हलवत बसत आणि मासे आपली पाळी येईतो तिथे तरंगत थांबत. मग तोंडे उघडत, कल्ले पसरत, आणि कोळंब्या त्यांच्या अंगावरची कीड टिपून खात. माशांवर पांढरे ठिपके दिसू लागले तेव्हा अवधूतने मदतीला आणखी एक सफाईचा मासा आणून दिला. बोटभर, निळा, काळ्या पट्ट्याचा. तो आल्यापासून कपारीशी कोणी थांबत नाही.

तिचे डोळे मिटतात. काचेवरचे ऊन हिरवे होते, छतावर चढते, आणि छत हळूच लाटेसारखे वाकते.

"काय बाईसाहेब, झोपा काढताय?"

अण्णा स्टुलावर बसले आहेत. बाही खांद्यापर्यंत दुमडलेली, हात टाकीत. दोन्ही कोळंब्या त्यांच्या नखांवर चढून मन लावून काम करत आहेत. हाताचा रंग राखेचा आहे. कोळंब्यांना त्याचे काही नाही.

"अण्णा, तुम्ही तर..."

"गेलोय. ठाऊक आहे मला, तू नको सांगूस. आधी हे सांग, बायो, हा नवा कोण?"

"सफाईचा मासा. अवधूतने आणला."

"बरणीत ठेवला होतास?"

ती नाही म्हणून मान हलवते. नवा मासा आधी काचेच्या बरणीत ठेवायचा आणि त्यात स्वतःचा हात घालून बसायचे, हा ह्या घरातला रिवाज. त्या दिवशी अवधूत शेजारी उभा होता. 'माझ्यावर विश्वास नाही का?' असे हसत म्हणाला होता. शाल्मलीला बरणी काढायची लाज वाटली, आणि तिने पिशवी तशीच टाकीत ओतली.

"लाजलीस," अण्णा म्हणतात. "प्राध्यापकाची मुलगी, आणि प्रात्यक्षिकात नापास!"

ते हसतात तेव्हा कॉलेजची प्रयोगशाळा भोवती उभी असते. फॉर्मॅलिनचा वास. फळ्यांवर बरण्या, आणि प्रत्येक बरणीत तोच निळा मासा, काळ्या पट्ट्याचा. अण्णा त्यांतल्या दोन बरण्या उचलून तिच्यासमोर धरतात.

"ओळख."

"दोन्ही सारखेच आहेत."

"सारखे दिसतात. रंग तोच, पट्टा तोच. नाचतातही तसेच, म्हणून मासे फसतात. एकाचं तोंड समोर असतं. दुसऱ्याचं खाली, हनुवटीआड. त्यात दात असतात."

"मग ओळखायचं कसं?"

"हात पुढे करायचा आणि हलवायचा नाही. सफाईवाला जवळ रेंगाळतो, पुन्हा पुन्हा टिपतो. दुसरा एकदाच चावतो आणि पाठ फिरवतो."

फळ्या विरघळतात, बरण्यांतले पाणी पायांशी येते. भाट्याच्या किनाऱ्यावर ओहोटी लागली आहे. पाणी उतरत उतरत इतके लांब गेले आहे की समुद्राचा तळ उघडा पडला आहे आणि त्यावर कोणीतरी अण्णांची खाट मांडून ठेवली आहे. अण्णा खाटेवर आडवे होतात. डोळे मिटतात, तोंड उघडतात, जसे कपारीशी थांबलेले मासे उघडतात.

"असाच पडून होतो," उघड्या तोंडातून आवाज येतो. "आजारी माणूस दुसरं काय करणार? कोणी चमचा पुढे केला की तोंड उघडायचं."

"अण्णा, काय होतं त्या चमच्यात?"

वाळूखालून पाणी वर येऊ लागते. खाट हलते.

"मला कशाला विचारतेस? मला चव कळत नव्हती. हात घाल, बायो. लाजू नकोस."

ती हात पुढे करते. पाणी कोमट आहे. काळ्या पट्ट्याचा मासा नाचत येतो, तिच्या बोटाशी थबकतो, आणि त्याच्या हनुवटीखालचे तोंड उघडते.

पंपाची घरघर सुरू होते. वीज आली आहे. शाल्मली उठून बसते. हात कोरडा आहे. तर्जनीच्या पेरावर मात्र दोन बारीक, खोल छिद्रे आहेत आणि त्यांच्याभोवती मिठाचे पांढरे कडे वाळलेले आहे. ती बोट ओठांना लावते. समुद्राचीच चव.

"छान झोप लागली होती," दारातून अवधूत म्हणतो. हातात दोन कप. "बघ, तुझ्या चहात आलं जास्त घातलंय, आवडतं तसं. हे काय झालं बोटाला?"

"काही नाही."

"मग? ठरलं का?"

तो कप तिच्यापुढे धरतो. ती कप घेत नाही. तिचा हात दोघांच्या मधोमध तसाच राहतो, ताठ, न हलता. टाकीत, त्याच्या खांद्यामागे, एका माशाची शेपटी कुरतडलेली दिसते.

"अवधूत," ती म्हणते, "शेवटच्या दिवशी अण्णांना औषध तू दिलंस. कसलं होतं?"

तो हसतो. हसू ओठांवरच थांबते, तिथून डोळ्यांकडे जात नाही.

"हे आत्ता कुठून आलं?"

"बाटल्या कुठे आहेत?"

वाफ दोघांच्या मधून वर चढते आणि विरते. शाल्मलीचा हात हलत नाही. कपारीतून एक मिशी बाहेर येते, पाणी चाचपते, परत आत जाते.

अवधूत दोन्ही कप टाकीच्या फळीवर ठेवतो, अगदी अलगद, थेंबही सांडू न देता. मग पाठ फिरवतो आणि पडवीतून, फाटकातून, उन्हात निघून जातो.