ऑग्डेनबाईंचं ‘गेट’

यॉर्कशरमधल्या मेंढरांच्या त्या गावात शाळेच्या विनिफ्रेड ऑग्डेनबाईंनी ‘गेट’वर बंदी घातली होती. फाटकाचं गेट नव्हे, इंग्रजीतलं क्रियापद! मिळालं तरी गेट, पोचलो तरी गेट, समजलं तरी गेट, साधी सर्दी झाली तरी गेटच. बाईंच्या मते तो आळशी जिभेचा धंदा होता. वहीत तो शब्द दिसला की त्या लाल पेन्सिलीनं असा खोडत, की मागचं पानही फाटे.

क्लिफर्ड हेग खाटीक त्यांना मनातून आवडत असे. त्यालाही त्या आवडत. नाहीतर दर शनिवारी तो त्यांच्यासाठी उत्तम गुर्दा बाजूला कशाला ठेवील? एका रविवारी चर्चमधून परतताना त्यानं डोक्यावरची टोपी काढली.

“विनी, आपण गेट मॅरिड होऊ या का?”

होकार बाईंच्या ओठांवर आलाच होता, पण मास्तरकीची खोड आडवी आली. “नुसतं ‘मॅरी’ म्हण. गेट कशाला मध्ये?”

क्लिफर्डनं टोपी पुन्हा घातली. “बरं. राहू दे मग.”

आणि राहिलंच. गुर्दाही बंद झाला. बाई रात्री उशीत तोंड खुपसून स्वतःला शिव्या देत, अर्थात व्याकरणशुद्ध.

पुढच्या वसंतात त्या शेतातल्या पायवाटेनं निघाल्या होत्या. एका एडक्यानं मागून अशी ढुशी दिली की बाई थेट चिखलात.

“कृपया मागे सर!” बाई ओरडल्या. एडका मागे सरला, पण धाव घ्यायला.

“गेट ऑफ! गेट आऊट! गेट लॉस्ट, हलकटा!”

कुंपणापलीकडे मेंढ्या बघायला आलेला क्लिफर्ड धावत आला. त्यानं एडक्याची शिंगं धरली, पण हसू काही त्याला धरवेना.

“हे एडक्याला म्हणालीस की मला?”

“दात काय काढतोस? आधी उठव मला!” उभ्या राहिल्यावर बाईंनी त्याचा हात सोडला नाही. “आणि... तू मागे विचारलं होतंस ते पुन्हा विचार.”

“कसं विचारू?”

“कसंही विचार, मेल्या!”

त्यानं एक शब्दही न बदलता विचारलं. एरंडेल पिताना मिटावेत तसे बाईंनी डोळे मिटले, आणि हो म्हणाल्या.

जूनमध्ये लग्न झालं. क्लिफर्डनं तो एडका मालकाकडून विकत घेतला. त्याचं भाजलेलं मटण पुदिन्याच्या चटणीबरोबर वाढलं. फार चिवट होतं, पण नवरीनं दोनदा मागून घेतलं.