केरबाच्या तोंडातले चार दात

लढाई संपल्यावर केरबा खटाव तालुक्यातल्या आपल्या गावी परत आला, तेव्हा त्याचं सगळं अंग शाबूत होतं. गेले होते ते फक्त वरचे पुढचे चार दात. इटलीच्या डोंगरात तो चालवत असलेली फौजेची मालमोटार घसरून खड्ड्यात गेली आणि स्टिअरिंगचं चाक तोंडावर बसलं. लष्करी दवाखान्यात त्याला लाल रबराच्या पट्टीवर बसवलेले चार नवे दात मिळाले. भाकरी तुटत होती, बोलता येत होतं. केरबाची काही तक्रार नव्हती.

तक्रार सुरू झाली ती गावात. कुणी उघड बोललं नाही. पण केरबा हसला की समोरच्याची नजर त्याच्या डोळ्यांवरून खाली घसरायची आणि ओठांपाशी थांबायची. चावडीवरची पोरं त्याला उगाच विनोद सांगायची आणि तो हसला की एकमेकांना कोपर मारायची. बायको, राहीबाई, तर तो हसायला लागला की चुलीकडं तोंड फिरवायची.

एकदा जेवताना त्यानं तिला विचारलंच.

"माझ्या दातांचं काय वंगाळ दिसतंय का?"

राहीबाईनं त्याच्या ताटात भाकरी वाढली. "वंगाळ न्हाई वो. लय देखणं हायती. पर तुमी हसला की वाटतं, दुसऱ्या कुणाचं तरी हसू तुमच्या तोंडावर आणून ठिवलंय."

दुसरा कुणी असता तर रुसला असता. केरबा मात्र विचारात पडला. दात चांगले, रंग पांढरा शुभ्र, ओळ सरळ. मग खोटं नेमकं दिसतं कशात? मोटारीच्या इंजिनातला आवाज कुठून येतो हे कळेपर्यंत त्याला जेवण गोड लागायचं नाही, तसंच हे झालं. आरसा घेऊन तो उन्हात बसला. मग लोकांची तोंडं बघायला लागला. सासऱ्याशी बोलताना त्याच्या बोलण्यापेक्षा दातांकडं लक्ष. कीर्तनात बुवा आ करून सूर लावायचे तेव्हा हा मान वाकडी करून आत बघायचा. त्याला दिसलं की कुणाचेच दात पांढरे नसतात. हिरडीजवळ पिवळसर, टोकाला जरा निळसर आणि एकाचा रंग दुसऱ्याला पुरता मिळत नाही.

पण एवढ्यानं त्याचं समाधान झालं नाही. ते झालं वडूजच्या बाजारात. बैलांचे सौदे जुळवून देणारा नाथाजी एका बैलाचा जबडा उघडून गिऱ्हाइकाला दाखवत होता. गिऱ्हाईक गेल्यावर केरबा त्याच्यापुढं उभा राहिला आणि त्यानं स्वतःचंच तोंड उघडलं.

"नाथाजी, जनावराचं वय दातावरनं सांगतोस. माझं सांग बरं."

नाथाजी हसला नाही. धंद्यातला माणूस. त्यानं केरबाची हनुवटी धरून उजेडाकडं फिरवली.

"खालनं बघितलं तर चाळिशीला टेकलाय. वरनं बघितलं तर आत्ता मिशा फुटाय लागल्यात. एका तोंडात दोन वयं हायती गड्या. असला बैल मी घेणार न्हाई."

केरबा तिथंच उभा राहिला. खालचे दात भाकरीनं, हरभऱ्यानं, तंबाखूनं झिजलेले. वरच्यांनी अजून काही खाल्लेलंच नव्हतं.

त्याची थोरली बहीण हरणाबाई सांगलीजवळ कुपवाडला दिली होती. सांगलीत डॉक्टर गोपाळकृष्ण नातू म्हणून दातांचे डॉक्टर आहेत, हे तिच्याकडूनच त्याला कळलं होतं. सुगी आटोपल्यावर नवरा-बायको प्रवाशांच्या सर्व्हिस मोटारीनं निघाले, साताऱ्याला गाडी बदलली आणि कुपवाडला मुक्काम केला. सकाळी हरणाबाईही बरोबर आली. "तुमी दोघं काय बोलशीला डाक्टरापुढं," म्हणाली.

नातू डॉक्टर चाळिशीचे, बोलायला मोकळे. दात हातात घेऊन त्यांनी उलटेसुलटे पाहिले.

"काम फार चांगलं केलंय. फक्त हे तुमच्यासाठी नाही, तोंड नावाच्या वस्तूसाठी केलंय. तुमचे आधीचे दात कसे होते?"

आता पंचाईत झाली. फौजेतला फोटो होता, पण त्यात तोंड मिटलेलं.

"एक दात शेजारच्यावर चढल्याला हुता," केरबा म्हणाला. "उजवीकडला."

"डावीकडला," राहीबाई हळूच म्हणाली.

"माझं दात मला ठावं न्हाईत व्हय? रोज आरशात बघत हुतो."

"आन् मी रोज समोरनं बघत हुते."

डॉक्टर खुर्चीवर मागं रेलले. मग त्यांनी राहीबाईला केरबासमोर उभं केलं आणि विचारलं, "आता बोट दाखवा, कुठला ते." तिनं बोट दाखवलं. केरबानंही आपल्या ओठावर बोट ठेवलं. दोन्ही बोटं एकाच जागी आली. समोरच्याचा डावा हात आपल्या उजव्या हाताकडं येतो, हे दोघांच्याही ध्यानात आलं नव्हतं. राहीबाईला पदर तोंडात कोंबावा लागला.

पण किती चढलेला, किती वळलेला, हे काही सांगता येईना. तेव्हा डॉक्टरांचं लक्ष हरणाबाईकडं गेलं.

"बाई, तुम्ही सख्ख्या बहीण ना? जरा दात दाखवता?"

"अगं बाई, माझं कशापायी?" तिनं पदर नाकापर्यंत ओढला. "मला काय झालंय?"

"आक्का, दाव की," केरबा म्हणाला. "आबांचं दात तुझ्या तोंडात हायती."

वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती.  हरणाबाईनं पदर खाली केला. उजवीकडचा दात शेजारच्यावर तसाच, जरासा खांदा टेकवून उभा होता.

डॉक्टरांनी केरबाच्या जबड्याचा ठसा घेतला. लष्करातल्या दातांपेक्षा पिवळट चिनी मातीचे दात निवडून ते मेणात बसवले आणि चार दिवसांनी बोलावलं. मेणातली पट्टी तोंडात घालून केरबा तिघांकडं वळला. राहीबाई बराच वेळ बघत राहिली.

"आता कुणी तरी मुद्दाम वाकडं केल्यावाणी दिसतंय," ती म्हणाली.

डॉक्टरांना राग आला नाही. त्यांनी चष्मा पुसला. "खरं आहे. मी वाकडेपणाच फार नीटनेटका केलाय."

त्यांनी गरम सुरीनं मेण मऊ केलं, दात किंचित मागं फिरवला. मग पायानं चालवायच्या यंत्रावर दातांची टोकं घासली, एकाचं थोडं, दुसऱ्याचं जास्त. खालच्या झिजलेल्या दातांशी पुन्हा पुन्हा ताडून बघितलं. यंत्राच्या घरघरीत हरणाबाई म्हणाली, "आमच्या विहिरीवरचं इंजिन बी असंच वरडतंय. त्याला बी दातच करून द्या म्हणावं." केरबा एकदम हसला. डॉक्टरांनी पाय थांबवला. मोकळं हसताना केरबाचा वरचा ओठ एका बाजूला जास्त वर जात होता. त्या बाजूचा दात त्यांनी आणखी कणभर आखूड केला.

पक्के दात घालून बाहेर आल्यावर केरबानं बायकोला विचारलं, "कसं?"

"पैल्यासारखं न्हाई," राहीबाई म्हणाली. ती खोटं बोलणारी नव्हती. "पर तुमच्या घरातलं कुणी तरी हसतंय, येवढं कळतंय." आणि या खेपेला तिनं तोंड फिरवलं नाही.

पुढं केरबा वडूज-सातारा रस्त्यावर सर्व्हिस मोटार चालवायला लागला. लोकांची तोंडं निरखायची सवय काही गेली नाही. मोटार भरायची वाट बघत असताना ओळखीचं कुणी भेटलं, की तो तोंड उघडून विचारायचा, "ह्यातलं खोटं कुठलं, वळखा बरं." लोक वाकून बघायचे, विचार करायचे, आणि बहुतेकजण खालच्या, त्याच्या स्वतःच्या एका काळपट दातावर बोट ठेवायचे. केरबा बरोबर की चूक ते न सांगताच गाडी चालू करायचं हँडल मारायला उठायचा.