हॅमला हळद लावली तेव्हा

माझे बाबा काही थापाडे नव्हते, पण मुलीचं लग्न जुळवताना कुठला बाप खरं बोलतो? ग्वाल्हेरची मंडळी मला बघायला महूला आली, तेव्हा होणाऱ्या सासूबाईंनी विचारलं, "स्वयंपाकाचं काय?" मी मान खाली घालून बसले होते. बाबा म्हणाले, "अहो, पुरणपोळी काय कुणालाही येते! आमच्या मुलीला साहेबी खाणंसुद्धा येतं." तेव्हा मान वर करायची सोय नव्हती, नाहीतर तिथंच आमचं बापलेकीचं भांडण झालं असतं. बाबा महूच्या छावणीत घोड्यांच्या इस्पितळात कंपाउंडर. साहेबी खाण्याशी आमचा संबंध एवढाच, की त्यांची रोजची वाट गोऱ्या साहेबांच्या मेसच्या खिडकीखालून जायची.

तीन वर्षं त्या थापेला कुणी हात लावला नाही. ग्वाल्हेरला शिंदे की छावनीत आमचं घर, सासरे संस्थानच्या रिसाल्यात, म्हणजे घोडदळात, रिसालदार. घरात रोज भाकरी-डाळ, रविवारी मटण. साहेबी खाणं मागतंय कोण? पण भाकरी जाड झाली की सासूबाई म्हणायच्या, "माहेरी हेच शिकवलं का?" ताक आंबट झालं तरी तेच. ताक आंबवायला माहेरी शिकवतात का, कपाळ! मला काय हवं ते बोला, पण माहेर काढलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. त्यात ही थाप उघडी पडली असती, तर जन्मभर खोटारड्याची मुलगी म्हणून नांदावं लागलं असतं.

एका थंडीत रिसाल्याचा हॉकीचा संघ झाशीच्या गोऱ्या पलटणीशी खेळायला गेला. हरून आले, तरी बरोबर गेलेले सासरे खुशीत. "अरे भई, काय चहा दिला त्यांनी! पावाचे दोन तुकडे, मध्ये हॅम आणि चीज, आणि वर भाजलेलं, गरमागरम!" परतीचा सामना आमच्या गावात होता आणि सासरे तिथंच सांगून आले होते की चहा आमच्या घरी, आणि चहाला हेच सँडविच. "साठेक माणसं होतील. इज्जतीचा सवाल आहे. पण चिंता कसली? सूनबाई महूची आहे!"

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी "हो" म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

मुरारच्या दुकानातून हॅमचे, म्हणजे डुकराच्या मांसाचे, डबे आले, चीजचा मोठा लाल गोळा आला, पाटणकर बाजारातल्या बेकरीतून पाव आले. सासूबाईंनी डबे उंबऱ्याबाहेरच अडवले. सासरे म्हणाले, "मी शिकार करून आणलेलं रानडुक्कर चालतं ना तुला?"

"रानातलं काय खातं ते मला ठाऊक आहे. हे डब्यातलं काय खाऊन मोठं झालं, कुणी पाहिलंय?"

शेवटी ठरलं की सगळं अंगणात करायचं, पुरुष मंडळी मटण शिजवायची त्या तीन दगडांच्या चुलीवर, बाहेरच्या भांड्यांत.

आणि नेमके सामन्याच्या दिवशी सकाळी बाबा दारात हजर! धाकट्या बहिणीचं लग्न होतं, मला न्यायला आले होते. सासूबाई म्हणाल्या, "बरं झालं आलात, व्याही. आज तुमच्या लेकीचं साहेबी कसब बघून जा." बाबांचा चेहरा पांढराफटक पडला. जरा वेळानं त्यांनी मला चुलीपाशी गाठलं.

"येतं का गं तुला?"

"तुम्हीच सांगितलंत ना, येतं म्हणून!"

"अगं, ते लग्नाचं बोलणं होतं."

"खिडकीतून रोज बघता ना? कसं असतं ते?"

"वरून तपकिरी असतं."

"आणि आत?"

"आतलं खिडकीतून दिसत नाही, बेटा."

मला रडू येत होतं आणि हसूही येत होतं, पण वेळ कशालाच नव्हता.

मांस म्हटलं की मला एकच रीत ठाऊक, सासरी बघून शिकलेली. डबे फोडले, तुकडे केले, हळद-मीठ चोळलं आणि शिजत ठेवलं. हॅम आधीच शिजवलेलं असतं आणि आधीच खारवलेलं असतं, हे मला कोण सांगणार होतं? ते गुलाबी मांस बघता बघता हळदीच्या नवरीसारखं पिवळं झालं. सासूबाई उंबऱ्याच्या आत पाट टाकून, पदर नाकाला लावून बसल्या होत्या. तिथून हुकूम आला, "नुसत्या हळदीवर काय ठेवतेस? कांदा-लसूण परत, तिखट घाल. साहेब झाला तरी त्याला जीभ असेलच की!" मी परतलं, तिखट घातलं आणि चव घेतली. जीभ बाहेर काढून तशीच उभी राहिले. बाबांनी चाखलं, तेही तसेच. मिठाची गोणी चाटलेली परवडली!

आमची तोंडं बघूनच सासूबाई समजल्या. "आलू उकड आणि कुस्करून घाल. जल्दी कर, देख क्या रही है!" घाई झाली की त्या हिंदीत शिरायच्या. आलू पडला आणि खारटपणा खरंच उतरला. आता ते हॅम कमी आणि आलूची भाजी जास्त होती, पण तोंडात धरवत होतं.

चीज किसायला सासूबाई किसणी देईनात. बाबांनी व्याह्यांना भेट द्यायला घोडीचे खूर घासायची कानस आणली होती, कोरी करकरीत. आम्ही तिच्यावरच चीज किसलं, आणि काय सुरेख किसलं गेलं म्हणून सांगू! मग बाबांनी कानस धुऊन-पुसून, कागदात गुंडाळून संध्याकाळी रीतसर व्याह्यांच्या हातात ठेवली. सासऱ्यांची घोडी पुढं कितीतरी दिवस स्वतःचे खूर हुंगत असे.

भट्टी तर नव्हतीच. परातीत सँडविचं मांडली, वर दुसरी परात पालथी घातली, खाली निखारे, वर निखारे. पहिल्या परातीचा कोळसा झाला. गल्लीतल्या कुत्र्यांनीही तो हुंगून सोडला. दुसऱ्या वेळी निखारे कमी केले, आणि उघडून बघते तर वरून तपकिरी! "हेच! अगदी हेच!" बाबा ओरडले. मी त्यांचं तोंड दाबायचं तेवढं बाकी ठेवलं.

संध्याकाळी सगळं अंगण भरलं. आमच्या संघातल्या मुसलमान खेळाडूंसाठी आणि शाकाहारी मंडळींसाठी बालूशाही वेगळी ठेवली होती, बाकीच्यांपुढं पराती गेल्या. झाशीच्या गोऱ्या कॅप्टननं पहिला घास घेतला आणि थांबला. त्याचे कान लाल झाले. तो घटाघटा पाणी प्यायला, मग पाव उघडून त्यानं आतलं पिवळं बघितलं आणि म्हणाला, "रिसालदार, ये हॅम सँडविच नहीं है."

सासऱ्यांचा घास हातातच राहिला. त्यांनी सावकाश बाबांकडे मान वळवली. "व्याही, तुम्ही तर महूचे. तिथं असंच करतात ना?"

मी दाराआड उभी होते, शेजारी सासूबाई. संपलं, म्हटलं, आता बाबांची अब्रू साठ माणसांत जाणार.

बाबांनी एक सँडविच उचललं आणि अख्खं खाल्लं. तिखट त्यांना जन्मात सोसलं नव्हतं. डोळ्यांतून धारा लागल्या. "बिल्कुल असंच करतात," ते म्हणाले. "झाशीवाले फिकं खातात, त्याला आपण काय करणार? हिच्या आईच्या हातची चव आठवली हो, म्हणून डोळे भरून आले."

माझी आई! गळ्यात तुळशीची माळ, आयुष्यात अंडंसुद्धा फोडलं नव्हतं तिनं!

सासऱ्यांनी हे सगळं कॅप्टनला हिंदीत समजावलं. त्यानं बाबांचे डोळे बघितले, आणखी दोन सँडविचं उचलली आणि म्हणाला, "तो झाँसी का खानसामा गधा है." सगळं अंगण हसत सुटलं. पराती रिकाम्या झाल्या.

दुसऱ्या दिवशी टांगा दाराशी उभा होता. सासूबाई माझी ओटी भरायला आल्या. बाबा बाहेर सामान चढवत होते. माझ्या पदरात नारळ घालता घालता त्या हळूच म्हणाल्या, "विहीणबाईंच्या गळ्यातली माळ मी लग्नातच पाहिली होती."

मी निसटणारा नारळ पदरात घट्ट धरला.

"आता जातेच आहेस, तर तुझ्या आईला ते सँडविच शिकवून ये. न खाता शिकता येतं, मी नाही का शिकले? उद्या कुणी विचारलं, तर तुझ्या बाबांचा शब्द खरा निघायला हवा."

मी वाकून पाया पडले. तीन वर्षांत पहिल्यांदा त्या बाईला मिठी मारावीशी वाटली, पण तेवढी छाती झाली नाही. टांगा निघाल्यावर बाबांनी भीत भीत विचारलं, "काय म्हणत होत्या गं तुझ्या सासूबाई?"

मी म्हटलं, "तुम्ही शब्दाचे पक्के आहात, म्हणत होत्या."