तात्यांच्या गच्चीचं पाणी

भुताखेतांच्या गोष्टी मला आजही हसायलाच येतात. माझा धंदा वॉटरप्रूफिंगचा, आणि या धंद्यात माणूस देवाला मानेल, पण कारणाशिवाय गळती मानणार नाही. छत गळतंय म्हणजे वर कुठेतरी भेग आहे, नळ फुटलाय किंवा कुणीतरी काम चोरलंय. पंचवीस वर्षांत मला चौथं कारण सापडलेलं नाही... एक प्रसंग सोडून. आणि त्यात काम चोरणारा मीच होतो, म्हणून इतकी वर्षं गप्प बसलो.

१९९८ चा मे महिना. नाशिकला मखमलाबादमध्ये तात्यांचं घर होतं. मळेवाला माणूस, झेंडू आणि शेवंती लावायचे. घराची गच्ची गळायची आणि नेमकी त्यांच्या बायकोच्या, अक्काच्या खोलीत. अक्काला अर्धांगवायू झाला होता, ती अंथरुणावरच असायची. पाऊस लागला की तिची कॉट ओढून दुसऱ्या खोलीत न्यावी लागे. तात्यांनी मला एवढंच सांगितलं होतं, "बाकी घर गळलं तरी चालंल, पर हिच्या अंगावर पाणी नको."

मी विटांच्या तुकड्यांचा कोबा टाकला, वर सिमेंटचं फिनिशिंग केलं. मग आमची परीक्षा असते. पावसाचं पाणी उतरणाऱ्या पाइपांची तोंडं गोणपाटाने बंद करायची, गच्चीवर पाणी भरायचं आणि कठड्यावर कोळशाने रेघ ओढायची. शेजारी पाण्याने भरलेलं घमेलं ठेवायचं. उन्हाने घमेल्यातलं पाणी जेवढं उतरेल, तेवढंच गच्चीवरचं उतरायला हवं. जास्त उतरलं तर समजायचं, पाणी आत जातंय.

तिसऱ्या दिवशी घमेलं बोटभर उतरलं होतं. गच्ची चार बोटं. खाली अजून थेंब आला नव्हता, पण पाणी कोब्यात शिरत होतं.

म्हणजे कोबा उखडायचा, भेग शोधायची, सगळं पुन्हा करायचं. इकडे पिंपळगाव बसवंतला द्राक्षांच्या एका पॅकहाऊसचं काम पावसाआधी संपवायचा मी शब्द दिला होता. चौथ्या दिवशी उजाडताच मी एकटाच गच्चीवर गेलो, नळी लावली, रेघेपर्यंत पाणी भरलं, घमेलंही भरलं. मग तात्यांना वर बोलावून म्हणालो, "बघा, रेघ सोडली नाही." त्यांनी वाकून रेघेवरून बोट फिरवलं. खाली येऊन त्यांनी नारळ फोडायला लावला आणि माझ्या गळ्यात झेंडूचा हार घातला. दहा वर्षांची गॅरंटीही मी लेटरहेडवर लिहून दिली, हे सांगायला आज लाज वाटते.

पाऊस सुरू झाल्यावर मी तात्यांच्या फोनची वाट बघत होतो. उत्तरही तयार होतं – नवीन कोबा आहे, एखादा पावसाळा मुरू द्या. फोन आलाच नाही. आणि जुलैत माझ्या घरी, सिडकोतल्या रो-हाऊसमध्ये, हॉलच्या छताला ओल आली. बायको म्हणाली, "अहो, लोकांची घरं कोरडी करत फिरता आणि आपल्याच घरात बादली?" मी हसण्यावारी नेलं.

पण ते हसण्यासारखं नव्हतं. माझ्या गच्चीचं काम मी स्वतः केलं होतं, तेही मनापासून. उघडीप मिळाल्यावर पाणी भरलं, घमेलं ठेवलं. दोन्ही सारखंच उतरलं, केसाचाही फरक नाही. त्या भागात नळाची लाइनही नव्हती. मग एका दुपारी सिडकोत लख्ख ऊन पडलेलं असताना छतातून थेंब पडायला लागले. टप... टप... का कोण जाणे, मी मखमलाबादला फोन लावला. इकडचं तिकडचं बोलून विचारलं, पाऊस कसा आहे. तात्या म्हणाले, तासभर झालं, झोडपतोय.

योगायोग म्हणून सोडून दिलं. पुढच्या वर्षी तसंच झालं, तेव्हाही सोडून दिलं. २००० साली दसऱ्याच्या दोन दिवस आधी मात्र सोडता आलं नाही. आमच्याकडे आभाळ कोरडं, आणि बादलीत पडणारं पाणी पिवळसर. बायकोने बोट बुडवून नाकाशी नेलं आणि म्हणाली, याला झेंडूचा वास येतोय. दुसऱ्या दिवशी तात्यांना फोन केला तर ते सांगत होते, तोडलेला सगळा झेंडू गच्चीवर पसरला होता, अवकाळी पावसाने नासवला. शेवटी म्हणाले, "खोली कोरडी हाय बरं का." ते मी कौतुक समजलो आणि फोन ठेवला.

तेव्हा तरी जायला हवं होतं. गेलो नाही. छताला रंग दिला आणि बायकोला सांगितलं की स्लॅबच जुना झालाय. वर तात्यांच्या ओळखीतून मला गंगापूर रोडकडची कामं येत होती, तीही मान वर करून घेतली.

२००१ च्या पावसाळ्याच्या शेवटी अक्का गेली. भेटायला गेलो. तात्या तिच्या रिकाम्या कॉटजवळ बसले होते. कॉटखाली एक पितळी पातेलं होतं. सांत्वनाचं बोलायचं सोडून माझ्या तोंडून भलतंच निघालं... नळी, घमेलं, रेघ, सगळं सांगून टाकलं. तात्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"ठाऊक हाय," ते म्हणाले. "त्या दिवशी सकाळी ही जागीच व्हती. डोक्यावर नळी चाललेली ऐकली तिनं. मला म्हणली, त्यो पाणी भरतोय."

मी विचारलं, मग तुम्ही बोलला का नाहीत?

"मी बोलणारच व्हतो. हिनंच आडवलं. म्हणली, पोरगं हाय, सोताहून येऊन सांगंल. लय पाऊस झाला की मला हे पातेलं उशाशी ठेवाया लावायची आन् छताकडं बघत पडायची. चार पावसाळे. थेंब नाय पडला."

"आणि तरी मला कामं दिलीत?"

"त्यांच्याकडं तरी नीट करशील म्हणून."

मी तिथेच रडलो. तात्यांनी उठून पाणी आणून दिलं.

उन्हाळ्यात मी तो कोबा स्वतः उखडला. खाली स्लॅबला आरपार भेग होती, अक्काच्या कॉटच्या बरोबर वर. भेगेतून सुतळी ओवता आली असती. पहिल्याच पावसात तिथून धार लागायला हवी होती. आजूबाजूचं सिमेंट मात्र खडखडीत कोरडं होतं. भेग भरून, कोबा पुन्हा टाकून, तात्यांना रोज वर नेऊन पाणी दाखवलं. त्या पावसाळ्यापासून माझ्या हॉलमध्ये थेंब पडला नाही, आजपर्यंत.

सिडको कुठे, मखमलाबाद कुठे. मध्ये अख्खं शहर आणि गोदावरी. दोन इंजिनिअरांना विचारलं, एकाने मला झोपेची गोळी सुचवली. पाणी कसं आलं, का आलं, मला माहीत नाही आणि आता मी शोधतही नाही. त्या चार पावसाळ्यांत मखमलाबादच्या रस्त्यावरून मी कितीतरी वेळा स्कूटरने गेलो. दर वेळी तात्यांचं घर दिसायचं, अक्काच्या खोलीची खिडकी उघडी असायची, आणि मी वेग वाढवायचो.